शेवट बाहेर ठेवलेली फीत

मित्रांनो, आधी हात धुऊन या. नुसते पाण्याखाली धरून चालणार नाही. साबण लावा आणि पुसून अगदी कोरडे करा. मग हवे तितके जवळ बसा. मी एक जुनी ध्वनिफीत आहे आणि ओल्या हातांशी माझे जन्माचे वाकडे आहे. का, ते पुढे कळेलच.

तुमची गाणी हल्ली हवेतून येतात असे मी ऐकते. आमच्या काळी गाण्याला अंग लागत असे. माझे अंग म्हणजे करंगळीपेक्षाही अरुंद अशी प्लॅस्टिकची लांबच लांब पट्टी. ती ताटाएवढ्या चक्रावर गुंडाळलेली, आणि तिच्या एका बाजूला तपकिरी रंगाचा पातळ लेप. गाणे राहते ते त्या लेपात. लेप गेला की गाणे गेले. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकीचे विसरलात तरी चालेल.

माझ्यावर एका लोकगायिकेची दहा गाणी आहेत. त्यांतली नऊ दुसऱ्यांची. दहावे सगळ्या जगात फक्त माझ्यापाशी होते. ते कुठे छापलेले नव्हते, कुणाला पाठ नव्हते. ज्या बाईने ते गायले, तीसुद्धा ते विसरली होती. आणि ते गाणे वाचवायला मला फक्त एकदाच वाजता येणार होते. त्या एका वेळेची ही हकिगत आहे.

पण आधी जन्माचे सांगते. माझ्यावर आवाज चढला तो एका सुतारकामाच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत. खाली करवती चालत, म्हणून आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीच वर गाणे ध्वनिमुद्रित होई. भिंतींना जाड पडदे होते, खिडकीच्या फटींत कापडाचे बोळे कोंबलेले होते, आणि मधोमध एक टेबल आणि त्यावर यंत्र. यंत्रापाशी बसणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. त्याला स्वतःला एक ओळ सुरात गाता येत नसे, पण जिन्यात कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला आहे ते तो बसल्या जागी सांगे.

गायिका दिवसा कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणे करायची. सुट्टी मिळाली की गाणी शोधायला बाहेर पडायची. नावाडी, विहिरी खणणारे, ओझी वाहणारे हमाल, दगड फोडणाऱ्या बाया, असे कुणीही तिला चालत. तिची गाणे घेण्याची एक ठरलेली रीत होती. समोरच्याने एक ओळ सांगायची, तिने ती गायची. मग पुढची ओळ. कागद-पेन्सिल बाहेर काढलेले तिला खपत नसे. "कागदावर उतरवलेलं गाणं कपाटात जातं," ती म्हणे. "तोंडानं घेतलेलं तोंडात राहतं."

घरात ती आणि तिची लेक, दोघीच. आई गाण्यांमागे हिंडायला निघाली की लेक शेजारच्या मावशीकडे राहायची. त्या दिवशी मात्र मावशी आजारी होती, म्हणून लेक बरोबर आली होती. टेबलाखाली पडद्याची घडी अंथरून तिला झोपवले होते.

कानसेनाकडे त्या दिवशी माझ्याशिवाय दुसरी कोरी फीत नव्हती. दहा गाणी माझ्यातच बसवायची होती. चुकले तर तेवढा भाग पुसून त्यावरच पुन्हा गायचे. प्रत्येक गाण्याआधी गायिका दोन वाक्ये बोलायची. "हे नावाड्याच्या बायकोकडनं घेतलं. ती डाव्या हातानं वल्हं मारते." "हे विहीर खणणाऱ्याकडनं. त्याचा आवाज खालून येतो." अशी नऊ झाली. दोन गाण्यांच्या मध्ये कोरी जागा राही. ती कापून तिथे कानसेनाला नंतर पांढरी पट्टी जोडायची होती.

दहाव्याच्या वेळी चक्रावर मी अगदी थोडी उरले होते. कानसेनाने भुवया उंचावल्या. गायिकेने मान हलवली, गाते म्हणून. या गाण्याआधीही ती काही बोलली. ते मात्र आत्ता सांगत नाही, माझ्या पोटात राहू द्या.

लेक झोपलेली, म्हणून ती आवाज दाबून गायली. एक कडवे झाले, दुसरे झाले. माझा घेर कमी कमी होत होता. कानसेनाने चार बोटे वर केली, मग तीन. थांबायची सोय नव्हती, कारण पुसून पुन्हा गायला वेळही नव्हता. खाली कुणीतरी कुलूप उघडत होते, म्हणजे खोली सोडायची वेळ झाली होती. तिसऱ्या कडव्याला त्याने एकच बोट वर धरले आणि श्वास रोखला. शेवटची ओळ संपली, आणि दोन-तीन वेढ्यांनंतर माझे टोक सुटून चक्रावर फटफट आपटू लागले. इतक्या काठावर ते गाणे माझ्यात आले.

आता नीट ऐका, कारण इथेच पुढच्या संकटाचे बी आहे. ध्वनिमुद्रण झाल्यावर फीत उलटी गुंडाळून ठेवायची नाही, अशी कानसेनाची शिस्त होती. शेवट बाहेर, सुरुवात आत. तो सांगे की गुंडाळीत एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. शेवट बाहेर ठेवला तर तो पुसट आवाज गाण्याच्या मागून येतो, आधी येऊन मजा घालवत नाही. वाजवताना आधी उलटी गुंडाळायची आणि मग लावायची. त्याने माझ्या टोकाला लाल पट्टी चिकटवली. लाल म्हणजे शेवट. हे त्याच्या धंद्यातल्या चार माणसांना माहीत होते, बाकी कुणाला असायचे कारण नव्हते. थोडक्यात काय, दहावे गाणे सगळ्यांत बाहेरच्या वेढ्यांत आले, आणि त्याचे तिसरे कडवे तर थेट दारात.

तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी मला एकदा ऐकले आणि कात्री मागवली. सुदैवाने माझ्यावर नाही, माझ्या नकलेवर. "बोलणं सगळं काढा. आणि हे दहावं कशाला? लोकांना ओळखीचं हवं असतं. अनोळखी गाण्याला कोण कुत्रं विचारतं?"

गायिका म्हणाली, "बरं."

तिच्या त्या 'बरं'चा मला अजून राग येतो. भांडायचे होते, पाय आपटायचे होते! पण ती बटणे लावायला निघून गेली आणि ते गाणे तिने पुन्हा कधी तोंडात घेतले नाही.

माझ्या नकलेवरून तबकड्या निघाल्या. नऊ गाण्यांच्या. त्या दुकानांत वाजल्या, लग्नांत वाजल्या, न्हाव्याच्या खुर्चीसमोर वाजल्या. गायिकेचे नाव झाले. मला कुणी विचारले नाही. आईने रांधायचे आणि लेकींनी मिरवायचे, तसा प्रकार. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. पण त्याहून वाईट वाटे ते लोकांचे बोलणे. "गाते गोड, पण सगळं उसनं," असे म्हणायचे. "दुसऱ्यांच्या गाण्यांवर मोठी झाली." शाळेतल्या पोरींनी तिच्या लेकीचे नाव 'उसनी' ठेवले. लेकीने त्या दिवसापासून गाणे टाकले. गाणे आईला घरातून घेऊन जाते, आणि वर चिडवूनही घ्यावे लागते. मग ते हवे कशाला? ती मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून बसवू लागली, पण भांडी विसळतानाही कधी गुणगुणली नाही.

कंपनी बुडाली तेव्हा कानसेनाने मला भंगाराच्या ढिगातून उचलले आणि गायिकेच्या हाती दिले. तिने मला जुन्या साडीत गुंडाळून पेटीत ठेवले. माया होती, पण अक्कल नव्हती. पेटी न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेली. ती भिंत बारा महिने ओली. माझ्या लेपात दमट हवा शिरत गेली, वर्षानुवर्षे शिरत गेली, आणि लेप चिकट झाला. एक वेढा दुसऱ्याला धरू लागला. मला ते कळत होते. सांगणार कुणाला?

पुढे गायिकेच्या घशाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, आवाज गेला. आता ती फक्त कुजबुजू शके, तेही दमून. हाक मारायची तर टाळी वाजवी. एक टाळी म्हणजे 'इकडे ये' किंवा 'पुढे चल'. दोन टाळ्या म्हणजे 'थांब'.

अशात एका सभागृहात तिचा सत्कार झाला. पाहुणे बोलले, "बाईंनी स्वतःचं असं काही रचलं नाही, पण दुसऱ्यांचं मात्र प्रेमानं जपलं." टाळ्या पडल्या. गायिका गळ्याचा रुमाल सावरत हसली. लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, साहेबांनी काढून टाकलेलं एक गाणं होतं ना तुझं?" घरी येताच तिने विचारले. "तुझं स्वतःचं?"

गायिकेने ओठ हलवले. पहिली ओळ आली: 'दार लोटून घेते, कडी घालत नाही.' त्यापुढे काही आठवेना. तिने पुन्हा तीच ओळ म्हटली, पुन्हा तिथेच अडली. मग तिने हात हलवून 'जाऊ दे' अशी खूण केली.

पण लेक जाऊ देणाऱ्यांतली नव्हती. तिने पेटी उपसली, मला बाहेर काढले, आणि जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक यंत्र भाड्याने आणले. उद्या सगळ्या गावाला ऐकवीन, असा तिचा आवेश होता. अति घाई संकटात नेई, हे तिला कोण सांगणार? तिने मला चक्रासकट डावीकडे बसवले, लाल पट्टी सोलून फेकून दिली, टोक उजव्या चक्राला लावले आणि बटण दाबले.

मित्रांनो, शेवट बाहेर होता. मी उलटी वाजू लागले.

खोलीत भलतेच आवाज भरले. शब्द नव्हते, शब्दांच्या शेपट्या होत्या. श्वास आत घेतला की बाहेर सोडल्यासारखा ऐकू येई. लेकीला वाटले, यंत्र तापायचे असेल, होईल नीट. ती थांबली. तेवढ्यात मी किंचाळू लागले. ते गाणे नव्हते, तो माझा चिकट लेप यंत्राच्या धातूला घासल्याचा आवाज होता. लेप सुटत होता. तपकिरी भुकटी यंत्रावर पडत होती, आणि तिने ती रुमालाने पुसली, धूळ समजून. मी ओरडत होते आणि ती आवाजाचे बटण पिळत होती.

आतल्या खोलीतून दोन टाळ्या आल्या. लगेच आणखी दोन. गायिका भिंतीला धरून दारात आली होती आणि टाळ्या वाजवत होती. लेकीने यंत्र बंद केले.

दुसऱ्या दिवशी दोघी मला घेऊन कानसेनाकडे गेल्या. तो आता म्हातारा झाला होता. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली, आणि खोलीत माणसांपेक्षा यंत्रे जास्त. दैवाची चेष्टा बघा, ज्याच्या कानांवर लोक पैजा लावत, त्याला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. हातही कापत. लेकीने सगळे मोठ्याने, मग त्याहून मोठ्याने सांगितले. त्याने मला उचलून नाकाशी धरले, हुंगले, आणि भुकटी लागलेला तिचा रुमाल उजेडात नेला.

"लाल पट्टी होती ना टोकाला?"

"होती. मी काढून टाकली."

त्याने रुमाल टेबलावर नीट पसरला. भुकटीचा कण न कण मधोमध गोळा केला.

"काका, काय झालं?"

"हे शेवटचं कडवं आहे," तो म्हणाला. "या रुमालात. तू ऐकलंस ते, पोरी. उलटं ऐकलंस."

लेकीने एकही कण सांडू न देता रुमालाची घडी घातली. आईचे एकुलते एक गाणे शोधायला गेली आणि स्वतःच्या हाताने पुसून आली. तिला रडूही येईना. गायिकेने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला. तिला स्वतःचाच राग आला होता, आणि तो जवळच्या माणसावर निघाला.

"उरलेलं वाचेल?" तिने त्याच्या कानाशी जाऊन विचारले.

"भाजावी लागेल."

"काय?"

"फीत. मंद उबेवर. लेपातलं पाणी उडालं तर तो पुन्हा धरतो. पण तो थोड्या दिवसांपुरता. तेवढ्यात एकदा वाजवून उतरवून घ्यायची. दुसऱ्यांदा वाजेल याचा भरवसा नाही. ऊब जास्त झाली तर पट्टी वाकडी होते, मग एकदाही नाही."

त्याच्याकडे लाकडी खोके होते. आत दोन बल्ब, एक छोटा पंखा आणि एक तापमापक. सकाळी मला आत ठेवून झाकण लावले. मित्रांनो, मला भाजण्याची भीती वाटली नाही असे म्हणेन तर माझी जीभ झडेल, असती तर. अंधारात पंखा गुरगुरत होता. ऊब हळूहळू वेढ्यांमध्ये शिरत होती. बाहेर कानसेन डोळ्यांत तेल घालून तापमापक बघत बसला होता, पण त्याच्या चष्म्याने काटा नीट दिसेना. शेवटी लेकच खोक्यापाशी बसली. काटा खुणेच्या वर सरकला की ती एक बल्ब विझवायची, खाली आला की लावायची. दुपारी वीज गेली. पंखा थांबला. तिने खोक्याला स्वतःची शाल गुंडाळली आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून धरले, ऊब निसटू नये म्हणून. वीज आली तेव्हा काटा जागचा फारसा हलला नव्हता. तिघांचाही जीव टांगणीला लागला होता. त्या दिवशी कुणी नीट जेवले नाही.

मला बाहेर काढले आणि गार होऊ दिले. कानसेनाने यंत्राचा धातू स्पिरिटने पुसला. मग त्याने हात पुढे केले, स्वतःच्या कापऱ्या बोटांकडे पाहिले आणि ते मागे घेतले.

"तू लाव," तो लेकीला म्हणाला. "भिंगं बसवतेस ना? तसंच धर. कडेला बोट लाव, लेपाला नाही. आणि आधी उलटी गुंडाळ, हातानं. पांढरी पट्टी आली की थांब. दहावं आधी उतरवू, बाकीची बाजारात मिळतात."

तिने चक्र हाताने फिरवायला घेतले. सर्रकन नव्हे, इंच इंच. जिथे वेढा वेढ्याला धरून होता, तिथे 'चट्' असा बारीक आवाज येई आणि तिघे दचकत. म्हणजे तिघांतल्या दोघी दचकत, आणि त्यांना पाहून कानसेन दचके. शेवटी पांढरी पट्टी आली. तिने मला यंत्रातून ओवले. शेजारी नवे छोटे यंत्र ठेवले होते, माझा आवाज उतरवून घ्यायला. त्याच्यापुढे एक मायक्रोफोनही उभा होता. फिरताना मी कुठे किंचाळले तर तेही नोंदले जावे, असे कानसेनाचे म्हणणे. त्याला स्वतःला कळणार नव्हते ना. तो दोन्ही यंत्रांच्या काट्यांकडे डोळे लावून बसला.

"दाब," तो म्हणाला.

मी फिरले. इतक्या वर्षांनी, सुलट.

आधी खोलीची शांतता आली, त्या जुन्या खोलीची. मग कानसेनाचा तरुणपणीचा आवाज: "बाई, हे कुणाकडनं घेतलं?"

आणि मग गायिका. धडधाकट गळ्याची, हसणारी. लेकीला हा आवाज विसरून किती वर्षे झाली होती कुणास ठाऊक. तिने तोंडावर हात दाबला.

"हे लेकीकडनं घेतलं," माझ्यातली गायिका म्हणाली. "मी निघाले की दारात आडवी पडते. म्हणते, जाते म्हणायचं नाही, येते म्हण. रोज तेच, डोळ्यांत पाणी आणून. माझं ह्यात काही नाही हो. मी नुसती चाल लावली. हळू गाते हं, झोपलीय."

एवढेच होते ते, मित्रांनो, जे मी इतका वेळ पोटात ठेवले होते. लेक आईचे स्वतःचे गाणे शोधायला आली होती. पाहुण्यांच्या तोंडावर मारायला तिला ते हवे होते. आणि आईने तेही दुसऱ्याचेच म्हणून सांगितले होते. ते दुसरे माणूस टेबलाखाली झोपलेले होते.

लेकीने वळून आईकडे पाहिले. गायिकेने खांदे उडवले, त्यात काय एवढे, अशा थाटात. मग गाणे सुरू झाले.

'दार लोटून घेते, कडी घालत नाही,
येते म्हणते, बाळा, जाते म्हणत नाही.'

पहिले कडवे मी नीट गायले. दुसऱ्यात दोनदा आवाज पुसट झाला. तपकिरी भुकटी पुन्हा दिसू लागली होती. भाजून आलेला माझा धीर संपत चालला होता. कानसेन काट्याला म्हणत होता, "चल, चल, चल." दुसरे कडवे संपले आणि माझ्यावर खरवडलेला भाग आला.

खरखर. मग तीही नाही. चक्रे फिरत होती आणि माझ्यातून काहीच निघत नव्हते. मला माहीत होते की नाही निघणार. तरी मी फिरत राहिले, आणखी करणार काय? लेकीचा हात बटणाकडे गेला, बंद करायला.

एक टाळी आली.

गायिकेचे डोळे मिटलेले होते. मांडीवर बोटांनी ठेका चालू होता. तो थांबलाच नव्हता. दोन कडवी ऐकून तिला तिसऱ्याची वाट सापडली होती. तिने ओठ हलवले. आवाज नव्हताच, नुसता वारा. लेक उठून तिच्यापाशी गेली आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

"गा," गायिका कुजबुजली.

"मला नाही येत, आई."

गायिकेने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. मग ओळ सांगितली आणि पुन्हा एक टाळी वाजवली. पुढे चल.

लेक गायली. घसा बसलेला, सूर आधी खाली, मग सापडला.

'चूल विझून गेली, ऊब सरत नाही.'

पुन्हा ओठ, पुन्हा टाळी.

'वाट सरून गेली, ओढ सरत नाही.'

नावाड्याच्या बायकोने एक ओळ सांगितली होती आणि गायिकेने ती गायली होती. विहीर खणणाऱ्याने सांगितली होती, तीही तिने गायली होती. अगदी तसेच. फक्त आज सांगणारी ती होती. खोलीच्या त्या टोकाला कानसेनाला काही ऐकू येत नव्हते. माझे टोक सुटून फटफट करू लागले, ते त्याला दिसले. मी संपले होते. आणि तरीही शेजारच्या छोट्या यंत्राचा काटा उड्या मारत होता. तो चक्रावून काट्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली आणि त्याला लेकीचे उघडे तोंड दिसले.

"बंद करू नका!" तो ओरडला, कारण बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. त्या ध्वनिमुद्रणात हे ओरडणेही आहे.

तिसरी ओळ गायिकेला आठवली नाही. तिने ओठ उघडले, मिटले, मान हलवली. डोळ्यांतून पाणी आले. लेकीने ती ओळ नुसती गुणगुणून पुढे नेली. शेवटची ओळ तिला सांगावी लागली नाही. ती तिचीच होती.

'येते म्हणते, बाळा, जाते म्हणत नाही.'

कानसेनाने चष्मा पुसायला काढला, न पुसताच परत डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. मग लेक उठली आणि माझ्या चक्राला हात लावला. कडेला, लेपाला नाही.

"काका, बाकीची नऊ?"

"ती आहेत की तबकडीवर."

"त्याच्यावर आई बोलत नाही," ती म्हणाली. "कुणाकडनं घेतलं ते नाही. सगळी उतरवू."

त्या संध्याकाळी मी माझी नऊच्या नऊ गाणी वाजवली, मधे मधे थांबून, यंत्राचा धातू कापसाने पुसून घेत. नावाड्याची बायको, विहीर खणणारा, सगळे येऊन गेले. शेवटच्या गाण्याला कापसाचे बोळे तपकिरी झाले होते. आता माझ्यात फारसे काही उरलेले नाही. पुन्हा वाजणे माझ्याच्याने होणार नाही, आणि त्याचे मला दुःख नाही. थोडेसे आहे. असायचेच.

हल्ली मी चष्म्याच्या दुकानात, उंच फळीवर, कोरड्या डब्यात राहते. दुकान मिटल्यावर लेक कधी कधी तुमच्यासारख्या मुलांना बसवून दहा गाणी गाते. कुणाकडून घेतले ते प्रत्येक गाण्याआधी सांगते. दहाव्याच्या आधी म्हणते, "हे आईकडनं घेतलं." मग पहिल्या खुर्चीवर बसलेली म्हातारी जोरात दोन टाळ्या वाजवते, म्हणजे 'थांब, चुकलीस', आणि लेक तिकडे लक्ष न देता गाऊ लागते. तिसऱ्या कडव्यातली ती ओळ लेक अजून नुसती गुणगुणते. मुलांना वाटते, गाणे तसेच आहे.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागते. माझ्यासारखी कुणी जुनी फीत घरात सापडली तर ओल्या भिंतीपासून दूर ठेवा, आणि जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय बटण दाबू नका. आणि घरात कुणी म्हातारे माणूस काम करता करता गुणगुणत असेल, तर जवळ जाऊन एक ओळ मागा. गाऊन दाखवा. मग दुसरी मागा. आम्हा फितींच्या भरवशावर राहू नका.

आता डब्याचे झाकण लावा. टोकाला नवी लाल पट्टी आहे, ती तशीच राहू द्या. येते हं, मित्रांनो.